मठपती सिस्टरांचा जकात नाका

आमच्या औषधाच्या दुकानाला लागून वरच्या प्रसूतिगृहाकडे जाणारा जिना आहे. जिन्याच्या मधल्या वळणावर एक स्टूल, स्टुलावर मठपती सिस्टर आणि सिस्टरांच्या मांडीवर दुसऱ्याची पिशवी, हे दृश्य मी गेली कित्येक वर्षं गल्ल्यावरून बघतो आहे. शहरातली जकात बंद होऊन जमाना झाला, पण हा नाका अजून चालू आहे. बाळंतिणीला भेटायला येणारा माणूस कितीही मोठा असो, पिशवी उघडून दाखवल्याशिवाय त्याला वर सोडत नाहीत. शिऱ्याचा डबा पास. झबली-टोपडी पास. डिंकाचे लाडू पास, मात्र त्यातला एक तपासणीसाठी सिस्टरांच्या तोंडात. पण दुधाची बाटली, निपल, मध, घुटी, ग्राइप वॉटर किंवा दुधाच्या पावडरचा डबा यांपैकी काही सापडलं, की सिस्टर एकच शब्द उच्चारतात.

"ब्याडा!"

ब्याडा म्हणजे कानडीत 'नको'. सिस्टर अक्कलकोटच्याही पलीकडच्या, अगदी हद्दीवरच्या गावातल्या. तिथला कंडक्टर तिकीट मराठीत देतो आणि भांडतो कानडीत. सिस्टरांचंही तसंच आहे. त्यांचं मराठी चांगलं आहे, पण मनापासून नाही म्हणायचं झालं की त्यांना मराठी पुरत नाही.

हे सगळं मला हसत सांगता येतं, पण धंद्याच्या दृष्टीने ते हसण्यासारखं नाही. मी पावडरचे डबे विकतो. गिऱ्हाईक माझ्याकडून डबा घेतं, दहा पायऱ्या चढतं, आणि 'ब्याडा' ऐकून दहा पायऱ्या उतरून डबा परत द्यायला येतं. दुसऱ्या कुठल्याही दुकानदाराला असा शेजार लाभला नसेल. माझं नाव प्रभाकर. गिऱ्हाइकं मला काका म्हणतात, शेठ म्हणतात. सिस्टर मला 'मेडिकल' म्हणतात. वळणावरून त्यांची हाक येते, "ओ मेडिकल! ह्या बाईला डबा कुनी दिला?" समोरच्या भेळवाल्यापासून कोपऱ्यावरच्या चादरींच्या दुकानापर्यंत सगळा रस्ता माझ्याकडे बघतो. दारू विकताना पकडल्यासारखा मी औषधांच्या कपाटात डोकं घालतो.

सिस्टर बुटक्या, रुंद आणि पांढऱ्याशुभ्र आहेत. बाकीच्या नर्सेस आता रंगीत पंजाबी ड्रेस घालतात. सिस्टरांची मात्र खळ घातलेली पांढरी साडी आणि कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. बोलतात त्या एकाच आवाजात. शेजारच्या खाटेवरच्या बाईशी आणि रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्याशी बोलताना त्यात काही फरक पडत नाही.

होटगीच्या एका आजीबाईंचा किस्सा आमच्या रस्त्यावर अजून सांगितला जातो. सून बाळंत झाली आणि नेमकी त्याच दिवशी घरची म्हैसही व्याली. आजी आनंदाने खरवसाचा डबा घेऊन डॉक्टरांना द्यायला आल्या. जिन्यावर तपासणी झाली, खरवस पास झाला. मग गप्पांच्या ओघात आजी सांगून गेल्या, की सुनेचं पहिलं दूध लई चिकट आन् पिवळं हाय, ते मोरीत पिळून टाकायला सांगितलंय, चांगलं पांढरं दूध आलं की मग पाजू.

सिस्टर स्टुलावरून उठल्या. "व्हय आजी? म्हशीचा चीक डब्यात भरून डॉक्टरला आनलाव, आन् सुनंचा चीक मोरीत? खरवस काय हिरवा आसतोय का? त्यो बी पिवळाच की! रेडकाला कळतंय आन् तुमाला कळंना?"

आजी म्हणाल्या, "रेडकाला कुटं आमी पाजतोय? त्याचाच तर खरवस केलाय."

मी खाली गल्ल्यावर हसू दाबत होतो. सिस्टर म्हणाल्या, "म्हंजे त्याचं बी चोरलाव!" आणि आजीला दंडाला धरून वर घेऊन गेल्या. पिवळं दूध बाळाच्या पोटात गेलं. आजींनी बाहेर येऊन सांगितलं की बाई तोंडाळ हाय पण हाताला गुण हाय. खरवसाचा डबा मात्र डॉक्टरांपर्यंत पोचला नाही. तो सिस्टरांच्या टेबलावर राहिला आणि दुपारपर्यंत रिकामा झाला.

मौलाली चौकातला एक तरुण रिक्षावाला असाच बाटली घेऊन आला होता. पकडल्यावर बिचारा म्हणाला, "मेरेकु क्या मालूम सिस्टर, अम्मी बोली लेके जा बोलके, मैं लाया." सिस्टरांनी त्याला आपल्या दखनीत सुनावलं, "अम्मीकु बोल, बच्चा तेरी बीवीका है, बकरीका नै." त्याला हे इतकं पटलं की तो त्यांचा एजंटच झाला. हल्ली त्याच्या रिक्षात तान्हं बाळ घेऊन कुणी बसलं, की मीटर टाकायच्या आधी तो विचारतो, "डब्बा तो नै ना दे रै?" माझी आणखी काही गिऱ्हाइकं त्याने अशीच वाटेत गळवली.

बाळंतिणींशी सिस्टर गोड बोलत असतील असं कुणाला वाटत असेल तर तेही खोटं. "मान धर. डोकं न्हाई, मान! भोपळा धरलीस व्हय?" "तू वाकू नको, लेकराला वर घे. ते जेवायला आलंय, तू न्हाई." पहिलटकरणी रडकुंडीला येतात. पण त्याहून वाईट वागणूक खाटेभोवती कोंडाळं करून उभ्या राहणाऱ्या सासवा, नणंदा आणि मावशांना मिळते. "बाहेर व्हा. तुमाला बघून दूध घाबरालंय." सगळ्या बाहेर येतात. बाहेर म्हणजे माझ्या दुकानासमोर. तिथे उभ्या राहून त्या सिस्टरांना शिव्या देतात आणि मी मनापासून ऐकतो.

दर ऑगस्टमध्ये स्तनपान सप्ताह येतो. वर्षभर ज्यांनी तो शब्द तोंडातून काढलेला नसतो, ती मंडळी त्या आठवड्यात फीत कापायला येतात. एका वर्षी आमच्या भागातले एक माजी नगरसेवक प्रमुख पाहुणे होते. मांडव जिन्यासमोर, म्हणजे माझ्या दुकानाच्या तोंडावर. साहेबांनी भाषणात 'मातेचं अमृत' म्हटलं, 'निसर्गाचं वरदान' म्हटलं, 'ते पवित्र कार्य' म्हटलं, पण ज्याच्यासाठी मांडव घातला होता तो शब्द काही त्यांच्या घशातून वर येईना. पुढच्या रांगेतले पुरुष आपापल्या बुटांकडे बघत होते. नाश्ता कुणाकडून होता ते मी इथे सांगत नाही, पण त्या कंपनीचे डबे माझ्याकडे येतात. शेवटी सिस्टरांना शाल आणि नारळ दिला, आणि कुणीतरी, ज्याला त्यांचा अनुभव नव्हता अशा माणसाने, त्यांच्या हातात माईक दिला.

"साहेब लाजालेत," सिस्टर म्हणाल्या. "लाजू नका की. तुमी बी तेच पिऊन एवडं झालाव." टाळ्या पडल्या. "आता एकच इचारते. हितं स्टेजवर बसल्याल्या डॉक्टरलोकांत सिझर झाल्यावर लेकरू लगेच आईजवळ कोन देतंय? हात वर करा बघू."

स्टेजवर आमचे मोठे डॉक्टर होते. आणखी दोन प्रसूतिगृहांचे मालक होते. एकाने हात वर नेला, पण तो केसांवरून फिरवून खाली घेतला.

कारण त्या काळात सिझरचं बाळ 'देखरेखीसाठी' कोपऱ्यातल्या खोलीत ठेवायची पद्धत होती. देखरेख म्हणजे काय, तर एका आयाबाईने मोबाइल बघत बसायचं आणि बाळ रडलं की त्याच्या तोंडात माझ्या दुकानातलं काहीतरी घालायचं. आई इकडे टाके सांभाळत छताकडे बघत पडलेली. तिला कुणी विचारायचं नाही. सगळ्यांची सोय व्हायची, माझीही व्हायची. सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून सिस्टर त्या खोलीतून बाळं उचलून ज्याच्या-त्याच्या आईकडे नेऊ लागल्या. मोठे डॉक्टर चिडले. सिस्टर म्हणाल्या, "काडून टाका मला. मी जिन्यात बसून बी हेच करनार." जिन्यात तर त्या आधीच बसत होत्या. डॉक्टरांनी त्यांना काढलं नाही. त्यांना सिस्टर कामावर नको असायच्या आणि गेलेल्याही नको असायच्या, कारण वैराग-बार्शीकडून येणाऱ्या बाया नाव नोंदवताना विचारायच्या, "ती वरडनारी सिस्टर हितंच हाय नव्हं?"

तर असा आमचा शेजार. वर 'ब्याडा', खाली मी. माझी मुलगी मेघा पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी येईपर्यंत आमचं हे असंच चाललं होतं.

मेघा नोकरी करते, मोबाइलवर वाचून सगळं ठरवून आली होती. बाळाला अंगावरचंच दूध द्यायचं, दुसरं काही नाही. हे मला तिने माझ्याच दुकानात, डब्यांच्या फळीखाली उभं राहून सांगितलं. मी म्हणालो, "वर तुझी एक सख्खी मावशी बसलेली आहे, तिला भेट." दोघींचं पहिल्या भेटीतच जुळलं. माझ्या बायकोने, सुनंदाने, मला बजावलं की आता घरात डब्याचं नाव काढायचं नाही. स्वतःच्या घरात माझ्या मालाला बंदी झाली.

सिझर करावं लागलं. मुलगी झाली. सिस्टरांनी टाके ओले असतानाच बाळ आणून मेघाच्या छातीशी लावलं. पण दूध काही येईना. थेंब यायचा, बाळ चोखायचं, दमायचं, रडायचं. मेघाच्या डोळ्यांखाली काळं आलं. त्यात विहीणबाई वैरागहून हळिवाच्या लाडवांचं पातेलं घेऊन आल्या. खाटेशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात आजपातूर कुनाला दूध कमी पडलं न्हाय बया. ह्या पोरी दिसभर कंपुटरला छाती लावून बसत्यात, दूध कुटनं यायचं?"

मेघाने भिंतीकडे तोंड केलं. आवाज न करता रडली. तिला परीक्षेत नापास झाल्यावरही मी असं रडताना पाहिलं नव्हतं. मी खाली आलो आणि खोकल्याचं औषध मागणाऱ्याला पोटाचं काढून दिलं.

शेवटी धीर करून मी वर गेलो. "सिस्टर, तात्पुरता एखादा डबा..."

"ब्याडा! उद्या येतंय दूध."

दुसऱ्या दिवशीही तेच. "आज ना उद्या येतंय. लेकराला छातीलाच ऱ्हाऊ द्या." त्या दिवशी बाळ रडलंही नाही. सुनंदा म्हणाली, "बघा, शांत झाली हो पोर." आम्हाला बरं वाटलं. सिस्टर तेवढ्या बाळाकडे टक लावून बघत होत्या.

पुढच्या दिवशी सकाळी बाळांचे डॉक्टर आले. तरुण, हळू बोलणारा माणूस. त्यांनी बाळाचं वजन केलं, लंगोट बघितला, ओठांवरून बोट फिरवलं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सिस्टर, हे बाळ शांत नाहीये, थकलंय. वजन फार उतरलंय, लघवी कमी झालीय. आता वरचं दूध द्यायलाच हवं. हे मला कालच कळवायला पाहिजे होतं."

विहीणबाईंनी पदर सावरत आमच्या सगळ्यांकडे बघितलं. मेघा उठायला गेली, टाक्यांमुळे तिला उठवेना. "माझ्यामुळे झालं का हो डॉक्टर?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. डॉक्टर म्हणाले नाही, तरी ती विचारतच राहिली.

मी खाली दुकानात आलो. सिस्टरांवर मी त्या दिवशी इतका चिडलो होतो की त्या समोर आल्या तर काय बोलायचं ते मी मोठ्याने म्हणून बघत होतो. आणि त्या आल्याच. जिना उतरून, वळसा घालून, दुकानाच्या पायरीवर चढल्या. इतक्या वर्षांत ही पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या.

"मेडिकल," त्या म्हणाल्या, "एक डबा द्या."

ह्या वाक्याची मी किती वाट पाहिली होती! त्यावरची उत्तरं माझी पाठ होती. कुठल्या कंपनीचा देऊ, मोठा की छोटा, पिशवी तपासून घेता का, सगळं. पण त्यांनी स्वतःचे पैसे काउंटरवर मोजून ठेवले. नात माझी होती, आणि पैसे मोजत होत्या त्या. मी फळीवरून डबा काढला.

"सगळ्यांत ल्हान," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "माजं चुकलं वो. उद्या येतंय, उद्या येतंय म्हनत बसले. लेकराला उद्या कळतंय का?"

त्यांनी डबा पदराखाली घेतला आणि जिना चढू लागल्या. वळणावर एक म्हातारी तपासणीसाठी पिशवी उघडून इमानदारीत बसली होती. तिने विचारलं, "सिस्टर, पदराखाली काय हाय वो?"

"औषद," सिस्टर म्हणाल्या, आणि म्हातारीची पिशवी न बघताच वर गेल्या.

बाटली मात्र त्यांनी येऊ दिली नाहीच. वाटीत दूध कालवलं, पहिल्यांदा चमच्याने बाळाला थोडं पाजलं, आणि त्याच्या अंगात जरा जीव आल्यावर नवीनच उद्योग सुरू केला. बाळ मेघाच्या छातीला लावायचं आणि वरून सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब दूध सोडायचं, असं की ते ओघळत बाळाच्या तोंडाशी यावं. बाळाला वाटायचं आईचंच येतंय, ते जोर लावून ओढायचं. बाळाने ओढलं की आईच्या अंगाला हुकूम जातो, असं सिस्टरांचं म्हणणं. "ह्याला फसवायचं न्हाई," त्या मेघाला म्हणाल्या, "ह्याला दम धरायला लावायचं. तू बी दम धर." त्यांच्या आवाजात ओरडणं नव्हतं. बाळ चोखतंय तोवर त्या वाकून उभ्या असायच्या. पाठ दुखली की एक हात कमरेवर जायचा, दुसरा सिरिंजवरून हलायचा नाही. ड्युटी संपली तरी त्या घरी जायच्या नाहीत. जिन्यातलं स्टूल त्या दिवसांत रिकामं असायचं, आणि खरं सांगायचं तर माझे डबे बरे खपले.

विहीणबाई दारात उभ्या राहून हे बघायच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हे कसलं ह्ये नवीन?" दुसऱ्या दिवशी आत येऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या. तिसऱ्या दिवशी सिस्टरांच्या हातात हळिवाचा लाडू ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी काय खाल्लंय का न्हाय सकाळधरनं?"

मग एका दुपारी सिस्टरांनी सिरिंज बाजूला ठेवली आणि काही न सांगता बघत राहिल्या. बाळ ओढतच होतं. तोंडाच्या कोपऱ्यातून पांढरी धार गालावर आली. थोड्या वेळाने ते स्वतःहून सुटलं, मुठी उघड्या टाकून झोपलं. मेघा हसत होती आणि तिच्या नाकातून पाणी येत होतं. सुनंदाने देवाला हात जोडले. सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मेडिकल, डबा परत घ्या तुमचा."

उघडलेला डबा परत घेता येत नाही, हा धंद्याचा नियम आहे. उरलेल्या पावडरीचा आमच्याकडे चहा झाला. इतकी वर्षं मी हा माल विकतो, चव तेव्हा पहिल्यांदा घेतली. चहा बरा होत नाही. विकतो मी अजूनही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एखाद्या लेकराला तो लागतोच, हे आता सिस्टरही मान्य करतात, फक्त मोठ्याने करत नाहीत.

सव्वा महिन्याने बारसं ठरलं. पहिलं निमंत्रण घेऊन मी वर गेलो.

"ड्युटी हाय," सिस्टर म्हणाल्या.

"रविवार आहे."

"रविवारी काय बाया बाळंत व्हईनात का?"

तिथली आयाबाई मला जिन्यात म्हणाली, सिस्टर कुणाच्याच बारशाला जात नाहीत, आम्ही विचारणंही सोडलं. मी घरी येऊन मेघाला हे सांगितलं. तिने सिस्टरांना फोन लावला आणि सांगितलं, तुम्ही आला नाहीत तर मी बाळाला घेऊन तुमच्या स्टुलावर येऊन बसते.

सिस्टर आल्या. हिरवं इरकल नेसून आल्या. रंगीत साडीत मी त्यांना ओळखलंच नाही. बाळाच्या हातात त्यांनी स्वतः शिवलेलं झबलं दिलं, म्हणजे बाळाच्या अंगावर ठेवलं, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन ताटं विसळायला लागल्या. बाहेर पाळणा फुलांनी सजला होता. बायका जमल्या. पाळण्याच्या एका बाजूला विहीणबाई उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला उभं राहून बाळ खालून-वरून द्यायला-घ्यायला कुणीतरी हवं होतं. मेघाने आतल्या दिशेला हाक मारली, "सिस्टर, या ना."

मी घुगऱ्यांचं पातेलं घ्यायला स्वयंपाकघरात होतो. सिस्टर ताट विसळत विसळत सुनंदाला म्हणाल्या, "मला बोलवू नका वो वैनी. मला लेकरू न्हाई. त्याच्यापायीच नवऱ्यानं सोडलं. माज्यासारकीनं पाळन्यात लेकरू घालत न्हाईत. पाजायला चालतोय माजा हात. पाळन्याला चालत न्हाई."

त्यांनी हे रडत सांगितलं नाही. खाट नंबर चारचा ताप किती हे जसं सांगतात, तसं सांगितलं. मला इतका राग आला की पातेलं मी पुन्हा खाली ठेवलं. ह्या शहरातली निम्मी पोरं ह्या बाईने आयांच्या छातीशी लावली. त्या सगळ्यांची बारशी झाली असतील, आणि एकाही घराने हिला पाळण्याशी उभं केलं नाही. ती जात नव्हती ते उगाच नाही, बोलवणाऱ्यांनी तिला बसायला बोलवलं, जेवायला बोलवलं. पाळण्याशी कुणी बोलवलं नाही. आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. मेघाने हाक मारली ती केवळ तिला हे रिवाज माहीत नाहीत म्हणून.

मेघा स्वयंपाकघराच्या दारात बाळाला घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती मागे वळली आणि बाहेर जमलेल्या बायकांना म्हणाली, "पाळण्याच्या त्या बाजूला सिस्टर उभ्या राहतील. नाहीतर माझी मुलगी आज पाळण्यात जाणार नाही."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग सगळ्या विहीणबाईंकडे बघू लागल्या. पोर त्यांच्या घरची. सासर वैरागचं, चार माणसांत ऊठबस असलेलं. मेघाला उद्या त्याच घरात जायचं होतं. सुनंदाने माझा दंड धरला. विहीणबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि ओरडल्या.

"आवं मग या की! लेकरू ताटकळलंय. किती येळ उभं ऱ्हायचं आमी?"

सिस्टर ओले हात इरकलाला पुसत बाहेर आल्या. पाळण्यापाशी उभ्या राहिल्या. मेघाने त्यांच्या हातात बाळ दिलं. अख्ख्या शहराला बाळ कसं धरायचं हे शिकवणारी ही बाई, पण आता पुढे काय करायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. त्यांनी बाळ पाळण्यावरून पुढे केलं.

"वरनं न्हाय, आदी खालनं," विहीणबाई म्हणाल्या. "खालनं द्यायचं आन् म्हनायचं, गोविंद घ्या."

"असं?"

"हां, असं. आता वरनं. आता गोपाळ घ्या म्हना."

सिस्टर मान हलवत, सांगतील तसं करत होत्या. मधेच चुकल्या, विहीणबाईंनी हाताला धरून दाखवलं, त्यांनी पुन्हा केलं. कुणी हसलं नाही. बाळ खालून गेलं, वरून आलं, पुन्हा खालून गेलं आणि शेवटी विहीणबाईंच्या हातात राहिलं. आता त्यांनी ते पाळण्यात ठेवायचं. त्यांनी ते पाळण्यावरून परत सिस्टरांकडे दिलं.

"तुमीच ठिवा," त्या म्हणाल्या. "मला वाकाय जमत न्हाय."

विहीणबाईंच्या कमरेला काहीही झालेलं नव्हतं. त्याच सकाळी गव्हाचं पोतं एकटीने सरकवताना मी त्यांना पाहिलं होतं.

सिस्टर वाकल्या. त्यांनी माझ्या नातीला पाळण्यात ठेवलं, आणि तिच्या पाठीखालचा हात काढून घ्यायचं बराच वेळ त्यांना सुचलं नाही.